पुस्तकात काय आहे नव्हे, तुला काय दिसले?

कन्नडमध्ये सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या काही शिक्षक-शिक्षिकांशी आम्ही बोललो. मुलांनी स्वतः प्रयोग करावेत, यावर कुणाचेच दुमत नव्हते. अडचणीही सर्वांच्या सारख्याच होत्या. वर्गात ५०-६० मुले, तास जेमतेम ३५ मिनिटांचा आणि प्रयोगशाळा असलीच तर ती दहावीच्या २० गुणांच्या प्रात्यक्षिकांत अडकलेली. मग सर टेबलावर प्रयोग करून दाखवतात आणि मागच्या बाकांना सरांची पाठ दिसते.

एका शिक्षिकेची चिंता मात्र वेगळी होती. त्यांनी सातवीच्या मुलींना घरून हळदीचा कागद करून आणायला सांगितला. साबणाच्या पाण्याने तो लाल होतो. एका मुलीने साबणाऐवजी शाम्पू आणला. तिचा कागद पिवळाच राहिला, तरी वहीत तिने लिहिले, ‘लाल झाला.’

“असं का लिहिलंस, बेटा?”

“पुस्तकात तसंच आहे, मॅडम.”

“पुस्तक मीही वाचलंय. तुला काय दिसलं?”

बरेच शाम्पू साबणासारखे आम्लारीधर्मी नसतात. म्हणजे मुलीचा प्रयोग बरोबर होता, चुकली होती ती नोंद. “सामान कमी असेल तर वाटी-चमच्यावर भागवता येतं,” त्या म्हणाल्या, “पण न पाहिलेलं लिहायची सवय लागली, तर प्रयोगशाळा देऊन काय उपयोग?”

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या इब्न अल-हैसम यांनी अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर दिवे मांडले. एक दिवा झाकला की भिंतीवरचा त्याच दिव्याचा ठिपका नाहीसा होई. प्रकाश सरळ रेषेत जातो, हे त्यांनी असे पडताळून पाहिले. टॉलेमीसारख्या थोर विद्वानाचे म्हणणेही त्यांनी तपासल्याशिवाय मानले नाही. आपली मुले शाळेत पुठ्ठ्याचा सूचिछिद्र प्रतिमाग्राहक करतात, तो याच वाटेवरचा आहे.

पालकांनो, शाळेकडे प्रयोगशाळेचा आग्रह जरूर धरा. पालकसभेत विचारा, आमच्या मुलीने यंदा स्वतःच्या हाताने किती प्रयोग केले? आणि घरीही थोडे करा. कागदाला ओली हळद लावून वाळवा. त्यावर लिंबाचा रस, कपड्याच्या साबणाचे पाणी, पानाच्या चुन्याची निवळी यांचा एकेक थेंब मुलांनाच टाकू द्या. चुना डोळ्यांत जाणार नाही, एवढे पाहा.

मग मुलांनी जे पाहिले तेच लिहू द्या, पुस्तकाशी जुळो वा न जुळो. डोळ्यांनी पाहिले त्याची खरी साक्ष देणे आपण त्यांना शिकवतोच. वहीतली नोंद हीदेखील साक्षच आहे.