गुलाबी रेघेतलं सोनं

करोनाच्या दिवसांतली गोष्ट. चाचणीचं किट टेबलावर ठेवलेलं आणि माझी भाची त्यावर नाक टेकवून बसलेली. नाकातला नमुना द्रावात ढवळून झाला, दोन-तीन थेंब खळग्यात टाकून झाले. वातीतून तेल चढावं तशी पांढऱ्या पट्टीवरून ओल सरकत गेली, आणि ‘सी’ या अक्षरासमोर हळूच एक गुलाबी रेघ उमटली.

“मावशी, ही कुठली शाई गं?”

शाई नाहीच ती. अशा बहुतेक किटांमध्ये ती रेघ सोन्याची असते! अगदी खऱ्या सोन्याची. आईच्या मंगळसूत्राच्या वाट्यांमध्ये असतं, तेच सोनं.

मग ते पिवळं का नाही दिसत? कारण त्याचे कण भलतेच बारीक असतात. तुमच्या पट्टीवरचा एक मिलिमीटर बघा. त्याचे दहा लाख सारखे तुकडे केले, तर एक तुकडा म्हणजे एक नॅनोमीटर. किटातला सोन्याचा कण साधारण ४० नॅनोमीटरचा. करोनाचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटरचा, म्हणजे त्या एका मिलिमीटरवर दहा हजार विषाणू ओळीने बसतील.

आता पाण्याने भरलेली बादली उचलून चाला बरं. पाणी हिंदकळतं ना? तुमच्या पावलांचा ठेका आणि पाण्याच्या हिंदकळण्याचा ठेका जुळला, की पाणी थेट पायांवर! पेल्यातल्या पाण्याचा ठेका वेगळा, घंगाळातल्या पाण्याचा वेगळा. भांडं बदललं की ठेका बदलतो.

धातूमध्ये इलेक्ट्रॉन असेच मोकळे फिरत असतात. प्रकाश आला की ते हिंदकळतात. हिरवा प्रकाश तर सेकंदाला साडेपाचशे लाख कोटींहून जास्त वेळा मागे-पुढे झुलतो, आणि ४० नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणातल्या इलेक्ट्रॉनांचा ठेका नेमका त्याच्याशीच जुळतो! मग तो कण हिरवा प्रकाश गिळून टाकतो. पांढऱ्या प्रकाशातून हिरवा गेला, की उरलेला आपल्याला लालसर दिसतो. इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली सोन्याचं असंच माणकासारखं लाल पाणी तयार केलं होतं.

किटात या कणांना प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. प्रतिपिंड म्हणजे एकाच ओळखीच्या प्रथिनाला धरणारा चिमटा. द्रावात विषाणू फुटतो, त्याच्या आतलं प्रथिन बाहेर येतं, सोन्याच्या कणावरचा चिमटा त्याला पकडतो, आणि ही जोडी ओलीबरोबर पुढे निघते. पट्टीवरच्या ‘टी’ या अक्षरासमोर दुसरे चिमटे दबा धरून बसलेले असतात. ते त्याच प्रथिनाला दुसरीकडून धरतात. असे असंख्य कण एका जागी अडकले, की रेघ दिसते. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या घरगुती किटाला मे २०२१ मध्ये मान्यता मिळाली. देशातलं ते पहिलंच. त्यानंतर ही रेघ आपल्या घराघरांत पोचली.

पण एक अडचण आहे. कणांचा पुरेसा ढीग झाला, तरच डोळ्यांना रेघ दिसणार. विषाणू थोडेच असतील तर ‘टी’समोरची जागा कोरी राहते. शिवाय दिसतं ते सोनं. प्रथिन स्वतः काहीच बोलत नाही.

प्रथिनाला बोलतं करता येईल का? येतं! त्यासाठी कोलकात्याला, बऊबाजारातल्या एका अंधाऱ्या खोलीत जाऊ या. साल १९२८. चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी सूर्यप्रकाश भिंगातून गोळा केला, जांभळ्या काचेतून गाळला आणि एका द्रवावर सोडला. बघणाऱ्या डोळ्यासमोर त्यांनी हिरवट-पिवळी काच धरली. जांभळ्या काचेतून आलेला प्रकाश या काचेतून जाऊच शकत नाही. म्हणजे मिट्ट काळोख दिसायला हवा. पण तिथे एक मंद उजेड होता! द्रवाला भेटून आलेल्या प्रकाशातला थोडासा चक्क रंग बदलून आला होता. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन याच शोधाचा, आणि १९३० चं नोबेलही याचंच.

रंग बदलतो कसा? रेणूतले अणू जणू स्प्रिंगांनी बांधलेले असतात, ते सतत थरथरतात. प्रकाश रेणूवर आपटताना थोडी ऊर्जा त्या थरथरीला देऊन जातो आणि तेवढा बदलतो. प्रत्येक रेणूची थरथर निराळी, म्हणून प्रकाशातला बदलही निराळा. शास्त्रज्ञ त्याचा आलेख काढतात. प्रथिनांमध्ये फेनिलअॅलनिन नावाचा एक घटक असतो. त्याचं षटकोनी कडं श्वास घेतल्यासारखं फुगतं-आकसतं आणि आलेखावर १००३ या आकड्याजवळ एक टोकदार शेंडा उमटतो. असे लहान-मोठे शेंडे मिळून प्रथिनाचा जणू अंगठ्याचा ठसाच तयार होतो.

मात्र ही कुजबुज फारच हळू असते. प्रकाशाच्या साधारण एक कोटी कणांमागे एखादाच रंग बदलून येतो. जत्रेच्या गर्दीत कुणी कानात बोलावं तसं.

१९७४ साली इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन यांनी चांदीचा पत्रा विजेच्या साहाय्याने खडबडीत केला आणि त्यावर पिरिडीन नावाच्या रेणूंची कुजबुज ऐकली. ती चांगली खणखणीत आली! खडबडीत पत्र्यावर जागा जास्त, म्हणून रेणूही जास्त बसले असतील, असं त्यांना वाटलं. पटण्यासारखंच होतं ते. पण १९७७ साली अमेरिकेत रिचर्ड व्हॅन डाइन आणि जीनमेअर यांनी हिशोब मांडला. आवाज लाखो पट वाढला होता, आणि पत्र्यावर इतके जास्त रेणू मावणं शक्यच नव्हतं. इंग्लंडमध्ये अल्ब्रेक्ट आणि क्राइटन हेही त्याच वर्षी त्याच उत्तराला पोचले. मला या सगळ्या कहाणीत हा हिशोब सर्वात आवडतो. उत्तर मिळालंय असं वाटत असताना कुणीतरी पुन्हा बेरीज करून बघितली.

मग आवाज वाढवला कुणी? पुन्हा आपलं हिंदकळणंच! चांदीच्या बारीक उंचवट्यांमध्ये इलेक्ट्रॉन हिंदकळतात आणि प्रकाशाचा जोर तिथे एकवटतो. समजा, हा जोर दहा पट झाला. तर प्रकाश रेणूकडे येताना शंभर पट फायदा, आणि रेणूकडून परतताना पुन्हा शंभर पट. एकूण दहा हजार पट! दोन उंचवटे अगदी खेटून असले, की मधल्या चिमुकल्या फटीत याहूनही कितीतरी जास्त.

मग अशा फटी मुद्दाम बनवायच्या. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात त्यासाठी जे केलं, ते कळायला पावसाळ्यातलं अंगण आठवा. तिरपी झड येते तेव्हा भिंतीचा दर्शनी भाग चिंब भिजतो आणि आडोशाची जमीन कोरडी राहते. त्या विद्यापीठात हवा काढून घेतलेल्या डब्यात चांदीची वाफ काचेवर अशीच खूप तिरपी सोडतात. सुरुवातीला काचेवर चांदीचे ठिपके पडतात. जो ठिपका जरासा उंच, तो पुढची वाफ झेलतो. त्याच्या आडोशाला काहीच पडत नाही. उंच आणखी उंच होत जातो, आणि शेवटी काचेवर वाऱ्याने कललेल्या शेतासारखं चांदीच्या काड्यांचं रान उभं राहतं! प्रत्येक काडी शंभरेक नॅनोमीटर जाड आणि नऊशेच्या आसपास लांब. २००६ साली या रानावर श्वसनमार्गाला त्रास देणाऱ्या विषाणूंचे थेंब ठेवून त्यांचे ठसे घेतले गेले. एकाच विषाणूचे वेगवेगळे वाणसुद्धा ठशांवरून ओळखता आले.

करोनाच्या विषाणूच्या अंगावर काटे असतात, त्यांच्यासाठी आणखी एक युक्ती आहे. हा काटा आपल्या पेशीवरच्या ‘एसीई-२’ या प्रथिनाला धरून आत शिरतो. मग तेच प्रथिन धातूवर चिकटवून ठेवायचं. काटा आपणहून येऊन अडकतो, वरून लेझर टाकायचा आणि आलेख कसा बदलतो ते बघायचं.

मग असे ठसे घेणारं यंत्र कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात का नाही? एक तर आवाज वाढतो तो धातूपासून काही नॅनोमीटरपर्यंतच. काटा वीसेक नॅनोमीटर लांब असतो, त्यामुळे धातूजवळचा भाग मोठ्याने बोलतो आणि लांबचा गप्पच राहतो. दुसरं, लाळेत आपली स्वतःचीही भरपूर प्रथिनं असतात. तीही चांदीला चिकटतात आणि सगळे एकदम बोलायला लागतात. सगळ्या फटी अगदी सारख्या बनवणं तर फारच अवघड. एक फट ओरडते, शेजारची पुटपुटते.

आणि चांदी काळी पडते! पेटीत ठेवलेले पैंजण कसे होतात, तसंच. पैंजण दंतमंजनाने घासले की पुन्हा लखलखतात, पण शंभर नॅनोमीटरच्या काडीला घासणार कसं? म्हणून या काचा हवा लागू न देता जपून ठेवतात. काही जण त्याऐवजी सोनं वापरतात. ते काळं पडत नाही, मात्र आवाज थोडा कमी वाढवतं. कुठे चांदीवर सोन्याचा पातळ थर चढवून दोघांचेही गुण मिळवायची खटपट चाललेली असते.