पितळ काढलं, आवाज उरला: आशाताई आणि क्रोनोस

या भागात बोललो ते इथे जरा नीट करून लिहितोय. प्रश्न असा होता की, सत्तरी ओलांडलेल्या गायिकेनं स्वतःचीच गाजलेली गाणी पुन्हा का गावीत?

आधी बिग बँड म्हणजे काय ते बघू. ट्रम्पेट, ट्रोम्बोन, सॅक्सोफोन यांचे ताफे आणि मागे ड्रम, बास, पियानो. पंधरा-सोळा माणसं सहज. आपल्याकडे हा आवाज हिंदी सिनेमातून पोचला, आणि त्यात गोव्याच्या वादकांचा वाटा फार मोठा. सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे आपले रामचंद्र चितळकर, यांच्याबरोबर ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट असायचा. ‘अलबेला’त (१९५१) तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. पुढे ‘आशा’ (१९५७) सिनेमात ‘ईना मीना डीका’ किशोरकुमारनं गायलं, आणि वेगळं आशाताईंनीही. मग आले पंचम. ‘कारवाँ’मधलं (१९७१) ‘पिया तू’ आठवा. आमच्या सोलापुरात वरातीत बँड वाजला की मला अजून त्यातलं पितळ आठवतं!

पंचम १९९४ मध्ये गेले. नंतर रीमिक्सची लाट आली. २००२ चं ‘काँटा लगा’ आठवत असेल: जुनी चाल, नवा आवाज, खाली ठोका. आशाताईंनी २००५ मध्ये वेगळंच केलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रोनोस क्वार्टेटबरोबर पंचमच्या बारा रचनांची तबकडी काढली, ‘यू हॅव स्टोलन माय हार्ट’. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. जोडीला तबल्यावर झाकीर हुसेन आणि चिनी पिपा वाजवणाऱ्या वू मान. ग्रॅमीसाठी नामांकनही मिळालं.

आता खरी गंमत. ट्रम्पेट फुंकून वाजतं, म्हणजे त्यालाही गायिकेसारखा दम लागतो. जुन्या ‘पिया तू’मध्ये दोघांचे श्वास एकमेकांवर कुरघोडी करतात, आणि त्यातूनच ती धग येते. तंतुवाद्याला श्वास नसतो. गज ओढत राहिला तर स्वर तुटत नाही. त्यामुळे आशाताईंचा श्वास उघडा पडतो: कुठे घेतला, कुठे राखून ठेवला, सगळं कानावर येतं. वय लपवायला जागाच नाही. आणि त्या लपवतही नाहीत. तरुणपणीचा जोर जिथे होता तिथे आता शब्दाची फेक आहे. ‘मेरा कुछ सामान’ला (मूळ ‘इजाजत’, १९८७) तर हे फारच मानवतं, कारण ते गाणं मुळातच बोलण्याच्या अंगानं जातं.

सगळंच जमलंय असं नाही हं. ‘चुरा लिया’ मला जुनंच बरं वाटतं. ती ग्लासवरची किणकिण आणि गिटार डोक्यातून जात नाही, त्याला क्रोनोस तरी काय करणार? ऐकायचं तर आधी १९७१ चं ‘पिया तू’ लावा, लगेच २००५ चं. हेडफोन लावून, बरं का. मोबाईलच्या स्पीकरवर चेलो ऐकूच येत नाही.