ताम्हिणी, धुकं आणि यू-टर्न

शुक्रवारी कँटीनमध्ये चहा पिता पिता ठरलं, उद्या ताम्हिणी! पौड, मुळशी, मग घाट उतरून थेट माणगाव. चार बाइक्स, आठ जण. माझ्या मागे मैत्रीण. निघताना तिची आई एवढंच म्हणाली, ''हळू चालव गं.''

मुळशीपर्यंत नुसती रिमझिम. धरण मागे पडलं आणि पावसाने रंगच बदलला. पुढच्या बाइकचा लाल दिवासुद्धा दिसेना. घाबरून मी लाइट अप्परला टाकला, तर समोर पांढरी भिंत! धुक्यातले थेंब प्रकाश उलटा आपल्याच डोळ्यांत फेकतात. मागून मैत्रीण ओरडली, ''डिप्पर कर!'' तेव्हा कुठे रस्ता दिसला.

पुढच्या उतारावर चाक कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर गेलं आणि नेमका तेव्हाच मी ब्रेक दाबला. ओल्या रंगावर टायरला पकड नसते. गाडी सर्रकन घसरली आणि कठड्यापासून हातभरावर थांबली. खरं तर वळणाआधीच दुसरा गिअर टाकायचा, म्हणजे इंजिनच वेग आवरतं. ब्रेक दोन्ही, पण हलक्या हाताने. हे सगळं मला माहीत होतं. पण बाकीचे पुढे गेले होते ना!

मग फोन केला, ''आम्ही परत फिरतोय.''

सोमवारी ऑफिसात 'फट्टू' म्हणून यथेच्छ उद्धार झाला. होऊ दे. शनिवारी संध्याकाळी दार उघडून मैत्रिणीची आई म्हणाली होती, ''अय्या, इतक्या लवकर?'' आम्ही दोघी नुसत्या हसलो.