माशाच्या अंगावरची ‘फायरवॉल’ आणि प्रोटीएजची कात्री

मासा हातातून सटकतो तो अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे, म्हणजे म्युकसमुळे. मी त्याला माशाची फायरवॉल म्हणेन. पाण्यात जंतू कायमच असतात आणि मासा चोवीस तास त्यातच. हा थर सतत झडतो, नवा बनतो, आणि चिकटलेले जंतू त्याच्यासोबत वाहून जातात.

या थरात प्रोटीएज, म्हणजे प्रोटीन कापणारे एन्झाइमही असतात. काही थेट जंतूंचीच प्रोटीन्स तोडतात. पण मला भारी वाटली ती दुसरी ट्रिक.

पूर्व आशियात एक कॅटफिश आहे, पॅरासिलुरस असोटस. त्याच्या त्वचेत हिस्टोन एच२ए हे प्रोटीन असतं. (हिस्टोनचं नेहमीचं काम डीएनए गुंडाळून ठेवणं!) त्वचेला जखम झाली की एमएमपी-२ हा प्रोटीएज बंद पडून असलेल्या प्रोकॅथेप्सिन डीला चालू करतो. तयार झालेला कॅथेप्सिन डी मग हिस्टोनच्या टोकाचा १९ अमिनो आम्लांचा तुकडा कापतो. हाच पॅरासिन-१, जंतू मारणारा. दक्षिण कोरियाच्या संशोधकांनी तो १९९८ मध्ये जगासमोर आणला. थोडक्यात, फाइल आधीच फोनमध्ये, जखम झाली की अनझिप.

कात्री एरवी बंद का? उघडी राहिली तर माशाचीच प्रोटीन्स कापेल. शिवाय कात्री शत्रूकडेही असते: सॅल्मनला चिकटणारी समुद्री ऊ स्वतः ट्रिप्सिन सोडते.

घरी अ‍ॅक्वेरियम असेल तर मासा कोरड्या हाताने धरू नका. हा थर पुसला जातो.