कोरीव देखाव्यांची भाषा : स्टॅनफिल्डचे किनारे आणि चिखलदऱ्याचे ‘पॉइंट’

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनला छापली गेलेली निसर्गदृश्यांची कोरीव चित्रे आपल्याकडील अभ्यासक आज मुख्यतः पुरावा म्हणून पाहतात. दौलताबादचा किल्ला दीडदोनशे वर्षांपूर्वी कसा दिसत होता, वेरूळच्या लेण्यांपुढे किती झाडी होती, असे प्रश्न निघाले म्हणजे ही चित्रे पुढे केली जातात. परंतु साक्षीदाराची साक्ष घेण्यापूर्वी तो घटनास्थळी होता की नाही हे विचारावे लागते. चित्राच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा चित्राखालच्या बारीक ओळीत असते. ती ओळ कशी वाचावी, तीतील शब्द कोठून आले, आणि समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या चिखलदऱ्याच्या स्थलनामांशी या सर्वांचा काय संबंध पोचतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. चित्रकार

उदाहरणादाखल क्लार्कसन स्टॅनफिल्ड (१७९३–१८६७) हा इंग्रज चित्रकार घेऊ. तो तरुणपणी खलाशी होता. प्रथम व्यापारी जहाजांवर आणि मग सक्तीच्या भरतीने आरमारात त्याने काम केले. पुढे तो नाटकगृहांचे पडदे रंगवू लागला आणि लंडनच्या ड्रुरी लेन नाटकगृहात १८३४ पर्यंत त्याने हे काम केले. समुद्र आणि जहाजे यांचा चित्रकार म्हणून त्याची कीर्ती झाली, व १८३५ मध्ये तो रॉयल अकॅडमीचा पूर्ण सभासद झाला. चार्ल्स हीथ याच्या सचित्र वार्षिकाच्या १८३२ ते १८३४ या तीन अंकांसाठी त्याने उत्तर इटली, ऱ्हाईनचे खोरे, हॉलंड व फ्रान्सचा किनारा येथील देखावे काढून दिले. १८३६ मध्ये त्याच्या किनारादृश्यांचा स्वतंत्र ग्रंथ निघाला. ही चित्रे हजारो घरांत गेली, ती रंगांत नव्हे, तर काळ्या रेषांत.

२. रेषांत भाषांतर

रंगचित्राचे रेषाचित्र करणे हे एक प्रकारचे भाषांतरच होय. कारागीर धातूच्या पत्र्यावर प्रथम मेणासारखा लेप देऊन सुईने रेषा ओढी आणि अम्लाने त्या पत्र्यात उतरवी; नंतर कोरणीने त्या खोल व नेमक्या करी. खाचांत शाई भरून पृष्ठभाग पुसला, ओला कागद ठेवून दाब दिला, म्हणजे खाचेतील शाई कागदावर उठते. कागदावर चित्र सुलट यावे म्हणून पत्र्यावर ते उलटे कोरावे लागे. आकाशासाठी यंत्राने आखलेल्या समांतर रेषा, पाण्यासाठी आडव्या लहरी, खडकासाठी तुटक व छेदणाऱ्या रेषा, असे संकेत ठरून गेले होते. चित्रकार बदलला तरी संकेत तेच राहत; त्यामुळे निरनिराळ्या चित्रकारांची आकाशे पुष्कळदा एकाच घराण्यातील वाटतात.

तांब्याचा पत्रा दाबाखाली लवकर झिजतो. १८२० नंतर पोलादी पत्रे वापरात आले, आणि एका पत्र्यावरून हजारो स्वच्छ प्रती निघू लागल्या. सचित्र वार्षिके मध्यम वर्गाच्या आवाक्यात आली ती यामुळे. धातूवर कोरून कागदावर छापण्याची कल्पना आपल्याकडेही त्या काळी परकी राहिली नव्हती. १८०५ मध्ये मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर नागरी अक्षरे कोरून भगवद्गीता छापण्यात आली होती.

३. न पाहिलेली लेणी

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. ब्रिटिश आरमारातील रॉबर्ट एलियट या अधिकाऱ्याने हिंदुस्थान, चीन व तांबड्या समुद्राचा किनारा येथे काही टिपणचित्रे काढली होती. लंडनच्या फिशर या प्रकाशनसंस्थेने १८३० नंतर त्यांवरून कोरीव चित्रांचा ग्रंथ काढला. त्यात वेरूळ, दौलताबाद व विजापूर येथील देखावे आहेत. एलियटच्या टिपणांवरून छापण्याजोगी चित्रे तयार केली प्राउट, स्टॅनफिल्ड, कॅटरमोल, पर्सर इत्यादी चित्रकारांनी. १८३५ च्या आवृत्तीतील वर्णने लिहिणारी एमा रॉबर्ट्स हिंदुस्थानात राहिलेली होती. १८४० मध्ये ती पुण्यास वारली. चित्रकारांनी मात्र लंडनमध्ये बसून, दुसऱ्याच्या टिपणावरून काम केले. म्हणजे अशा चित्रात तीन हात आहेत : पाहणाऱ्याचा, रेखाटणाऱ्याचा आणि कोरणाऱ्याचा. टिपणात जे नव्हते ते दुसऱ्या हाताने आपल्या सवयीने भरले. दौलताबादची टेकडी उंच व निमुळती दिसू लागली, तर तो दोष टेकडीचा नव्हे, आणि एलियटचाच असेल असेही नव्हे.

४. चित्राखालची ओळ

या तीन हातांची नोंद चित्राखाली असते. १७३५ च्या इंग्लंडातील कायद्याने कोरीव चित्रावर मालकाचे नाव व प्रसिद्धीची तारीख घालणे आवश्यक केले. त्याच्या जोडीला डाव्या कोपऱ्यात चित्रकाराचे आणि उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचे नाव घालण्याची रूढी होती. नावापुढे पुष्कळदा लॅटिन क्रियापद संक्षिप्त रूपात येते : ‘पिंक्सिट’ म्हणजे रंगविले, ‘डेलिनिआविट’ म्हणजे रेखाटले, ‘स्कल्प्सिट’ म्हणजे कोरले.

व्याकरणदृष्ट्या ही लहान वाक्ये मनोरंजक आहेत. त्यांत कर्ता आहे, क्रियापद आहे, पण कर्म नाही. कारण वर छापलेले चित्र हेच कर्म होय. शिवाय लॅटिन क्रियापद कर्त्याशी जुळते. अंत्य ‘ट्’ हा करणाऱ्याचा निर्देश करतो. मराठीत आपण ‘स्टॅनफिल्डने देखावा रेखाटला’, ‘आकृती रेखाटली’, ‘चित्र रेखाटले’ असे म्हणतो. येथे क्रियापद केलेल्या वस्तूच्या मागे जाते. लॅटिन ओळ कारागिराकडे बोट दाखविते, मराठी वाक्य कृतीकडे.

ज्याचे नाव ओळीत नाही त्याचाही विचार संशोधकाने करावयास हवा. पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबट या चित्रकाराने रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी वेरूळची चित्रे काढली होती. १८०३ मध्ये वेरूळच्या चोवीस दृश्यांचा जो प्रसिद्ध संच लंडनला निघाला, त्याच्या मुखपृष्ठावर मात्र जेम्स वेल्स व थॉमस डॅनियल ही दोनच नावे आली.

५. नावांचे लेखन

चित्राच्या मध्यभागी स्थळाचे नाव असते. ते जुन्या पद्धतीने लिहिलेले असल्याने शोध घेताना फसगत होते. त्या काळी ऱ्हस्व अकारासाठी इंग्रजीतील ‘यू’ हे अक्षर योजीत. म्हणून दौलताबादचे लेखन ‘डौलुटाबाद’ असे वाचले जाण्याजोगे होई. गाविलगडाच्या इंग्रजी रूपात ‘गड’चा ‘घर’ झालेला दिसतो. हिंदीतील ‘गढ’ मधला महाप्राण शेवटच्या व्यंजनाचा. तो उचलून पहिल्या व्यंजनाला जोडला गेला, आणि ड-ढ चा उच्चार इंग्रज कानाला र-सारखा लागला. वेरूळसाठी रूढ झालेले ‘एलोरा’ मात्र केवळ अपभ्रंश नव्हे. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटातील ‘एलापुर’ या नावाशी त्याचे नाते उघड आहे.

६. डोंगरावरील समुद्रशब्द

गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने घेतला. त्यानंतर वीस वर्षांनी, १८२३ मध्ये, हैदराबाद पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन याने चिखलदऱ्याचे पठार थंड हवेचे ठिकाण म्हणून पुढे आणले. येथील प्रेक्षणीय जागांना ‘प्रॉस्पेक्ट पॉइंट’, ‘हरिकेन पॉइंट’ अशी नावे आहेत. ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणजे पुढे पसरलेले दृश्य. हा शब्द चित्रकारांच्या व बागा आखणाऱ्यांच्या परिभाषेतला. ‘हरिकेन’ हा कॅरिबियन बेटांतील लोकांचा शब्द स्पॅनिश खलाशांनी उचलला व तो इंग्रजीत आला. आणि ‘पॉइंट’ या शब्दाचा भौगोलिक अर्थ मुळात समुद्रात घुसलेले जमिनीचे टोक असा आहे. मुंबईचा मलबार पॉइंट हे त्याचे जवळचे उदाहरण. पठाराची कडा खोल दरीवर पुढे येते तेव्हा तिचा आकार भूशिरासारखाच दिसतो. पावसाळ्यात दरी ढगांनी भरली की हे साम्य कोणालाही पटेल. ज्या पिढ्यांनी किनाऱ्यांची कोरीव चित्रे चाळली, त्यांनीच डोंगरावरील टोकांनाही किनाऱ्याची नावे दिली. एकाने दुसरे घडविले असे म्हणण्याची गरज नाही. पाहण्याची रीत एकच होती. जवळ काळोखी कडा, मध्ये दरी किंवा पाणी, दूर फिकट होत जाणारी रांग : ही चित्राची रचना होय आणि ‘पॉइंट’ निवडण्याची कसोटीही.

मराठीने या रीतीसाठी ‘देखावा’ हा शब्द योजिला. त्यात दृश्य आणि दिखाऊपणा हे दोन्ही अर्थ आहेत. नाटकाच्या पडद्यालाही तो लागतो, गणपतीपुढील आराशीलाही. पडदे रंगविणाऱ्या स्टॅनफिल्डच्या कृतींना याहून नेमका शब्द मिळणार नाही.

या जागांना ‘पॉइंट’ होण्यापूर्वीही नावे होती. मेळघाटात मुंडा शाखेतील कोरकू भाषा बोलली जाते, आणि गवळ्यांच्याही वस्त्या आहेत. भीमकुंड व कीचकाची कथा मराठी लोकव्युत्पत्तीने ‘चिखलदरा’ या नावाशी जोडून दिली. परंतु प्रत्येक टेकडीला, ओढ्याला, पाणवठ्याला कोरकू बोलणारा वृद्ध काय म्हणतो याची नोंद उच्चारासह घेणे हे भाषाशास्त्राचे काम आहे. फलकावरील नाव टिकते, तोंडातले नाव माणसाबरोबर जाते. कोरीव चित्र वाचताना आपण जे तीन प्रश्न विचारतो, म्हणजे कोणी पाहिले, कोणी रेखाटले, कोणाचे नाव गळाले, तेच स्थलनामांच्या नकाशालाही विचारले पाहिजेत.