पोर्ट निळा, पण माउस गप्प

२०१५ साली इंटेलचे ‘स्कायलेक’ प्रोसेसर बाजारात आले, आणि त्या मशीनवर विंडोज ७ टाकायला बसलेले अनेक जण चक्रावले. मीही त्यांतलाच. बायोसमध्ये कीबोर्ड आणि माउस ठणठणीत. इन्स्टॉलेशन सुरू झालं, भाषा निवडायची पहिली खिडकी आली आणि दोन्ही गप्प. बाण पडद्याच्या मधोमध थिजलेला. माउस बदलून पाहिला, पोर्ट बदलून पाहिले. शेवटी माळ्यावरून गोल पिनेचा जुना पीएस/२ कीबोर्ड काढला, तेव्हा गाडी पुढे सरकली.

दोष माउसचा नव्हताच. यूएसबी ३.० चं मानक नोव्हेंबर २००८ मध्ये जाहीर झालं. विंडोज ७ आलं ऑक्टोबर २००९ मध्ये, पण यूएसबी ३.० चा ड्रायव्हर न घेता. पुढची काही वर्षं मदरबोर्डवर यूएसबी २.० चा वेगळा कंट्रोलर असे, म्हणून निभावलं. स्कायलेकच्या पिढीत तो काढून टाकला गेला. सगळे पोर्ट यूएसबी ३.० च्या नव्या एक्सएचसीआय कंट्रोलरकडे गेले, आणि त्याची भाषा विंडोज ७ ला येतच नव्हती.

नव्या मानकांची सोय सिस्टिममध्ये वेळेवर का हवी, याबद्दल काही गैरसमज आहेत.

गैरसमज: सोय नंतर अपडेटने देता येते, घाई कशाला?

कधीकधी येते. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आलं तेव्हा त्यात यूएसबी २.० नव्हतं; पुढच्या वर्षी सर्व्हिस पॅक १ मधून ते मिळालं. पण अपडेट घ्यायला सिस्टिम आधी मशीनवर चढावी तर लागते! ड्रायव्हर पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह वाचायला तोच ड्रायव्हर हवा, असा हा पेच. एनव्हीएमई या नव्या मानकाच्या डिस्कचंही तेच झालं: इन्स्टॉलेशनच्या वेळी विंडोज ७ ला ती डिस्क दिसायचीच नाही.

गैरसमज: बाजारात उपकरणंच नाहीत, तर आधी सोय करून उपयोग काय?

लिनक्सने सप्टेंबर २००९ मध्ये, २.६.३१ या आवृत्तीत, यूएसबी ३.० ची सोय केली. तेव्हा अशी उपकरणं दुकानात जवळजवळ नव्हतीच. पण चिप बनवणाऱ्याला आपली चिप तपासायला चालती सिस्टिम लागते. ती नसेल तर चिपवाले आणि सिस्टिमवाले दोघंही एकमेकांची वाट पाहत बसतात.

गैरसमज: लवकर दिलेली सोय सिस्टिमला अस्थिर करते.

यात थोडं तथ्य आहे, ते नाकारू नये. लिनक्सचा तो ड्रायव्हर एक्सएचसीआयच्या ०.९५ मसुद्यावर लिहिलेला होता, १.० मानक २०१० मध्ये आलं, आणि दुरुस्त्या पुढे कितीतरी काळ चालू राहिल्या. पण ड्रायव्हर हा वेगळा भाग असतो. ज्या मशीनमध्ये ती चिपच नाही, तिथे तो कामालाच लागत नाही.

आणि पोर्ट निळा म्हणजे वेग मिळणारच, हेही खरं नाही. निळा रंग सांगतो ५ गिगाबिट. ड्रायव्हर नसेल तर काही बोर्डांवर तोच पोर्ट ४८० मेगाबिटवर चालतो, काहींवर अजिबात नाही.

माझं मत स्पष्ट आहे. प्रिंटर, स्कॅनर थांबू शकतात. कीबोर्ड, डिस्क आणि नेटवर्क यांची नवी मानकं मात्र नव्या सिस्टिममध्ये पहिल्या दिवसापासून हवीत. विंडोजमध्ये यूएसबी ३.० अंगभूत आलं ते ऑक्टोबर २०१२ मध्ये, विंडोज ८ बरोबर. लिनक्सनंतर तीन वर्षांनी.