जळून गेलेल्या नकला

रंगांची सोयरीक : लेखांक सहावा

मागच्या लेखांकात कलाकारांच्या परदेश दौऱ्यांविषयी लिहिलं होतं. शाल, श्रीफळ, दोन्ही गटांचा एकत्र फोटो आणि विमानतळावरचा निरोप. यातून ओळख होते, सोयरीक क्वचितच. मग देशोदेशीच्या कलाकारांचं नातं टिकतं ते कशावर? याचं उत्तर शोधायला धुळ्याहून फार लांब जावं लागत नाही. पारोळा, एरंडोल, जळगाव, नेरी, पहूर आणि फर्दापूर. तिथून अजिंठ्याची लेणी हाकेच्या अंतरावर.

नकाशाप्रमाणे लेणी खानदेशात नाहीत. पूर्वी ती निजामाच्या मुलखात होती, आज शेजारच्या जिल्ह्यात आहेत. पण रेल्वे आली तेव्हापासून तिथे जाण्याची वाट खानदेशातूनच गेली. जळगावला उतरायचं आणि पुढे बैलगाडी किंवा टांगा धरायचा. या भिंतींवरच्या चित्रांची नक्कल करायला देशोदेशीचे चित्रकार आले. ते काय घेऊन आले, काय घेऊन गेले आणि मागे काय राहिलं, एवढंच आज पाहू.

पहिला अर्थातच मेजर रॉबर्ट गिल. मद्रास फौजेतला हा अधिकारी 1844 मध्ये कंपनी सरकारच्या हुकमाने अजिंठ्याला आला आणि आयुष्यभर याच परिसरात राहिला. गिल आणि इथलीच तरुणी पारो यांच्या प्रेमाची कथा मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकवितेने ती घरोघरी नेली आणि पुढे तिच्यावर चित्रपटही आला. पारो 1856 मध्ये गेली, तिची समाधी अजिंठा गावात आहे. गिल 1879 मध्ये वारला, त्याला भुसावळला पुरलं. पण या प्रेमकथेने गिलचं काम झाकून टाकलं, असं मला वाटतं. अंधाऱ्या लेण्यांत, वटवाघळांच्या सोबतीने त्याने मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत त्या भिंती उतरवल्या. ती चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. डिसेंबर 1866 मध्ये तिथे आग लागली आणि मोजकीच वाचली.

पुढे 1872 पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन येऊ लागले. 1885 पर्यंत हे काम चाललं. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार याच तुकडीत तयार झाले. नकला लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या आणि 1885 मध्ये तिथेही आग लागली. शंभराहून अधिक चित्रं गेली. ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला तेव्हा मुखपृष्ठावर नाव एकट्या गुरूचं होतं. शिवाय रंग उजळ दिसावेत म्हणून त्यांनी मूळ चित्रांवर व्हार्निश चढवलं. ते पुढे पिवळं पडलं आणि काढता काढता पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना पुरेवाट झाली. कलेच्या देवाणघेवाणीत देणाऱ्याचं नुकसानही होतं, ही गोष्ट सत्काराच्या भाषणांत कोणी बोलत नाही.

खरी सोयरीक जुळली ती त्यानंतर. 1909 च्या हिवाळ्यात लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकर्ती आली. इटलीतल्या जुन्या चित्रतंत्राचा तिचा गाढा अभ्यास होता. भगिनी निवेदितांच्या आग्रहाने अवनींद्रनाथ टागोरांचे तरुण शिष्य तिच्या मदतीला आले. नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि मैसूरकडचे वेंकटप्पा. हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीन आले. विलायतेची डोरोथी लार्चर होतीच. बंगाली, कानडी, दखनी मुसलमान आणि इंग्रज अशी माणसं एकाच भिंतीसमोर दिवसचे दिवस बसली. डोळे अर्धवट मिटलेल्या त्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भुवईची रेघ कुठून उचलली आणि कुठे सोडली, हे ठरवायला सगळ्यांना एकाच जागी डोळा लावावा लागे. तिथे भाषेचं फारसं अडत नसावं.

1915 मध्ये या नकलांचा ग्रंथ लंडनच्या इंडिया सोसायटीने छापला. पण ग्रंथापेक्षा मोठं फळ माणसांत दिसतं. सय्यद अहमद पुढे अजिंठ्याचेच क्युरेटर झाले. हालदारांनी बंगालीत अजिंठ्यावर पुस्तक लिहिलं. लार्चर पुढे विलायतेत हातठशांच्या कापडछपाईत नामवंत झाली. आणि नंदलाल बोसांच्या हातात जी रेघ शिरली, ती आयुष्यभर गेली नाही. 1921 मध्ये ते हालदार आणि सुरेंद्रनाथ कर यांच्यासह सातपुड्यापलीकडच्या बाघ लेण्यांची नक्कल करायला गेले, ते याच ओढीने.

आता जपान. 1916 मध्ये रवींद्रनाथ जपानला गेले असताना त्यांची आराई काम्पो या चित्रकाराशी गाठ पडली. एका जपानी चित्राची नक्कल त्यांना हवी होती आणि काम्पो नक्कल करण्यात पटाईत होते. कवीने त्यांना जोडासाँकोच्या घरी शिकवायला बोलावलं. काम्पो आले आणि नंदलाल व त्यांची दाट मैत्री जमली. एकाने जपानी शाई आणि कुंचला शिकवला, दुसऱ्याने अजिंठा डोळ्यांत भरवला. पुढे ‘कोक्का’ या जपानी कलामासिकाच्या योजनेतून काम्पो, नोसु कोसेत्सु आणि इतर चित्रकार अजिंठ्याला आले. त्यांच्या येण्याला एक घरचं कारणही होतं. नारा इथल्या होर्युजी मंदिराच्या भिंतींवरचे बोधिसत्त्व आणि अजिंठ्याचे बोधिसत्त्व यांत त्यांना नात्याची खूण दिसत होती.

नकला टोकियोच्या विद्यापीठात पोचल्या. 1 सप्टेंबर 1923 च्या महाभूकंपानंतर शहर पेटलं, त्यात त्या जळाल्या. म्हणजे क्रिस्टल पॅलेस, साउथ केन्सिंग्टन आणि टोकियो, तीन वेळा आगच आडवी आली. अजिंठ्यालाच कोणाचा शाप आहे, असं म्हणणारेही भेटतात. मला ते पटत नाही. ज्या इमारतीत चित्रं ठेवतात ती जळू शकते, एवढंच यातून दिसतं.

चित्रं जळाली, पण हात शिल्लक होते. नोसु कोसेत्सु पुन्हा भारतात आले आणि 1932 ते 1936 या काळात सारनाथच्या मूलगंधकुटी विहाराच्या भिंतींवर बुद्धचरित्र रंगवलं. ते आजही पाहायला मिळतं. काम्पो 1940 पासून होर्युजीच्या भित्तिचित्रांची नक्कल करणाऱ्या चमूत होते. ते काम चालू असतानाच 1945 मध्ये वारले. 26 जानेवारी 1949 ला ती मूळ भित्तिचित्रंही आगीत होरपळली आणि पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला. आपण प्रजासत्ताक दिन पाळतो, त्याच तारखेला जपानी लोक मंदिरांमध्ये आग विझवण्याच्या कवायती करतात. काम्पोंच्या जन्मगावी, तोचिगी प्रांतातल्या साकुरा शहरात, त्यांचं स्मारक संग्रहालय आहे. 1990 च्या दशकात अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि पर्यटन सोयींसाठी जपान सरकारने कर्ज दिलं. त्यामागे व्यापारी हिशेब नव्हता असं नाही, पण जपानला अजिंठ्याची ओळख करून द्यावी लागली नाही हेही खरं.

पण मला या सगळ्यात जवळची वाटते ती फैजपूरची गोष्ट. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन यावल तालुक्यातल्या फैजपूरला भरलं. पंडित नेहरू अध्यक्ष, धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी राबणारे. अधिवेशनाचं नगर, म्हणजे टिळकनगर, सजवायला गांधीजींनी कोणाला बोलावलं? नंदलाल बोसांना. पंचवीसेक वर्षांपूर्वी अजिंठ्याच्या अंधारात बसलेले नंदलाल आता खानदेशच्या उन्हात बांबू आणि इथलंच साधं सामान घेऊन टिळकनगर उभं करत होते. गांधीजींनी त्यांचं कौतुक भर सभेत केलं. अजिंठ्याच्या पाहुण्याने खानदेशाला परत दिलं ते हे, आणि त्याचा उल्लेख आपल्या जिल्ह्याच्या सोहळ्यांत ऐकू येत नाही. फैजपूर म्हटलं की सगळ्यांना फक्त ठराव आठवतात.

धुळ्याचा धागाही सांगून टाकतो. धुळ्याजवळच्या गोंदूर गावी 1925 मध्ये जन्मलेले शिल्पकार राम सुतार जे. जे. मधून बाहेर पडले आणि 1954 ते 1958 या काळात पुरातत्त्व खात्यात राहून अजिंठा-वेरूळच्या मोडक्या मूर्ती दुरुस्त करत होते. त्यांनी घडवलेले गांधीजींचे अर्धपुतळे पुढे भारताची भेट म्हणून अनेक देशांत गेले.

या सर्वांना एक गोष्ट मिळाली होती, जी आजच्या आठ दिवसांच्या दौऱ्यात मिळत नाही. हेरिंगहॅमच्या चमूला हिवाळे मिळाले, काम्पोंना दीड-दोन वर्षं. जळगाव-धुळ्याच्या संस्थांनी परदेशी गट बोलावताना कार्यक्रमांची संख्या कमी करावी आणि मुक्काम वाढवावा, अशी माझी विनंती आहे. एखाद्या बाहेरच्या चित्रकाराला महिनाभर इथल्या चित्रकला शिक्षकासोबत शाळेची भिंत रंगवू द्या. खर्च सत्काराच्या मांडवापेक्षा कमीच येईल.

आणि भुसावळला गाडी बदलताना हाताशी दोन तास असतील, तर गिलची कबर शोधून पाहा.

पुढच्या लेखांकात चाळीसगाव : विलायतेत शिकून आलेले आणि स्टेशनजवळच्या घरात छायाचित्रांचं जग उभं करणारे पारशी कलावंत केकी मूस.